ब्रेमारची स्थलनामे
क्रेथी-ब्रेमार हा स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनशायरमधील डोंगराळ पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेला परगणा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने १८६५ ते १८७१ या काळात अ‍ॅबर्डीनशायरमधील स्थलनामे 'नेम बुक' या वह्यांत नोंदविली. प्रत्येक नावाची निरनिराळी रूपे, ती सांगणाऱ्या व्यक्ती, ठिकाण व वर्णन यांसाठी त्यांत स्वतंत्र रकाने होते. मात्र जमीनदार, पाद्री व शिक्षक यांच्या साक्षीला अधिक मान असे. गेलिक भाषकांच्या तोंडी असलेली अनेक नावे नकाशाबाहेरच राहिली. पुढे अ‍ॅडम वॉटसन व एलिझाबेथ अ‍ॅलन यांनी ती वृद्ध रहिवाशांकडून टिपून घेतली. त्यांचा 'द प्लेस नेम्स ऑफ अपर डीसाइड' हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी येथील गेलिक बोलीची अखेरची भाषक निवर्तली.