एमपीटीपी : कंपवाताच्या शोधातील एका विषाची कुळकथा

कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, हा मध्यमेंदूतील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाच्या काळसर पट्ट्यातील चेतापेशी नष्ट होत गेल्याने जडतो, आणि या पेशी डोपामाइन हे रासायनिक संदेशवाहक द्रव्य तयार करीत असल्याने त्यांच्या ऱ्हासाबरोबर हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात व हातांना कंप सुटतो, एवढे ज्ञान १९६० च्या दशकापर्यंत पक्के झाले होते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केल्याला तोवर जवळजवळ दीड शतक उलटले होते. तरीही मेंदूतील अब्जावधी पेशींमधून नेमक्या याच पेशी का मरतात, या प्रश्नाला हात घालता येईल असा एकही धागा संशोधकांच्या हाती नव्हता. हा धागा पुढे मिळाला तो एका फसलेल्या रासायनिक प्रक्रियेतून, आणि त्याची किंमत काही तरुण माणसांनी आपले शरीर कायमचे गमावून मोजली.

या विषाचे मूळ वेदनाशामकांच्या शोधात आहे. अफूजन्य औषधांना पर्याय शोधताना हॉफमन-ला रॉश या औषध कंपनीतील अल्बर्ट झायरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ च्या सुमारास पेथिडीन या वेदनाशामकाशी नाते सांगणारी अनेक संयुगे तयार केली आणि त्यांत एमपीपीपी या संक्षिप्त नावाने पुढे ओळखले गेलेले एक संयुग होते. ते बाजारात आले नाही, परंतु त्याची कृती शास्त्रीय नियतकालिकांत राहिली. एमपीपीपी तयार करताना तापमान वा आम्लता प्रमाणाबाहेर गेली, तर रेणूतून काही घटक निघून जातात आणि एमपीटीपी हे निराळेच संयुग तयार होते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९७६ साली रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या नशेसाठी ही कृती वापरली, घाईत तिच्यातील काही टप्पे गाळले, आणि थोड्याच दिवसांत त्याचे शरीर कंपवाताच्या वृद्ध रुग्णासारखे ताठरले. लेव्होडोपा या औषधाने त्याला उतार पडला. १९७८ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर केलेल्या तपासणीत सबस्टॅन्शिया नायग्रामधील पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. हे सर्व १९७९ साली प्रसिद्ध झाले, पण त्याच्या भुकटीचे इंजेक्शन दिलेल्या उंदरांना कायमची इजा न झाल्याने खरा दोषी घटक हाती लागला नाही. उंदरांच्या अनेक जाती या विषाला फारशा बळी पडत नाहीत, हे तेव्हा ठाऊक नव्हते. प्रयोगासाठी कोणता प्राणी निवडावा या वरवर किरकोळ वाटणाऱ्या निर्णयाने शास्त्राची वाट काही वर्षे अडवल्याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

वाट मोकळी झाली ती १९८२ साली कॅलिफोर्नियात. सॅन होजे येथील सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये कार्यरत असलेले चेताविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांच्यासमोर असे काही तरुण रुग्ण आले की जे बोलू वा हलू शकत नव्हते, परंतु पूर्ण शुद्धीवर होते. या सर्वांनी ‘नवे हेरॉइन’ म्हणून विकली जाणारी भुकटी टोचून घेतली होती, आणि तिच्या नमुन्यांत एमपीपीपीपेक्षा एमपीटीपीचेच प्रमाण कितीतरी अधिक निघाले. लँगस्टन व सहकाऱ्यांचा चार रुग्णांवरील निबंध १९८३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ऱ्हीसस माकडांमध्ये याच द्रव्याने हुबेहूब तशीच लक्षणे निर्माण करून दाखवली. एका साध्या लहान रेणूने एवढा निवडक संहार घडवावा, ही गोष्ट चकित करणारी होती.

पुढील तीन वर्षांत या रेणूचा शरीरातील प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडत गेला, आणि कुळकथेतील सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. एमपीटीपी स्वतः फारसे घातक नसते. मेदात विरघळणारे असल्यामुळे ते रक्त आणि मेंदू यांच्यामधील रोधक सहज ओलांडते. मेंदूत शिरल्यावर चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमधील मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून एमपीपी-प्लस हा विद्युत्भारित, खरा विषारी पदार्थ तयार होतो. हे विकर रोखणारे औषध आधी दिले, तर प्राणी बचावतात, असे १९८४ मध्ये सिद्ध झाले. एमपीपी-प्लसची रचना डोपामाइनशी मिळतीजुळती असल्याने डोपामाइन परत आत घेण्यासाठी असलेले वाहक प्रथिन त्यालाही आत ओढून घेते. ज्या पेशींवर हे वाहक मुबलक असते, त्याच पेशी त्यामुळे बळी पडतात. निवडक संहाराचे गूढ येथे सुटले.

पेशीच्या आत गेल्यावर हे विष तंतुकणिकांमध्ये साठते. तंतुकणिका म्हणजे अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपी या रूपात आणणारी सूक्ष्म अंगके होत. त्यांच्या आतील पटलावर प्रथिनांची एक श्वसनसाखळी असते आणि तिच्यातील पहिला दुवा ‘संकुल १’ या नावाने ओळखला जातो. निकलस, व्यास आणि हायकिला यांनी १९८५ मध्ये दाखवले की एमपीपी-प्लस याच संकुलावरील क्रिया रोखते. परिणामी एटीपीची निर्मिती घटते आणि अडलेले इलेक्ट्रॉन वाट सोडून ऑक्सिजनशी संयोग पावतात. त्यातून तयार होणारे अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणू पेशीतील मेद, प्रथिने व डीएनए यांची हानी करतात. या अवस्थेला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. सतत कार्यरत असणाऱ्या आणि अफाट शाखाविस्तार पोसणाऱ्या डोपामाइन-पेशींची ऊर्जेची गरज मुळातच मोठी असल्याने हा दुहेरी आघात त्यांना झेपत नाही.

एमपीटीपीला कधीही न शिवलेल्या रुग्णांशी याचा संबंध आहे काय, हा प्रश्न मग अटळ होता. लंडनमधील शापिरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सामान्य कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्येही संकुल १ चे कार्य उणावलेले असल्याचे नोंदवले. पुढे पार्किन व पिंक-१ या जनुकांतील दोषांमुळे लहान वयात कंपवात जडतो असे आढळले, आणि ही दोन्ही जनुके बिघडलेल्या तंतुकणिका ओळखून त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम करतात हे २००८ नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. विष आणि वारसा अशा अगदी भिन्न वाटांनी आलेले पुरावे एकाच अंगकाशी येऊन ठेपले, हे कंपवाताचे मूळ तंतुकणिकांच्या बिघाडात आहे या विचाराचे सर्वांत मोठे बळ होय. वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारे रोटेनोन हे कीटकनाशकही संकुल १ ला रोखते, तर भारतातही वापरले जाणारे पॅराक्वाट हे तणनाशक ऑक्सिडीकारक ताण वाढवते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोहोंपैकी कोणतेही हाताळणाऱ्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. अशी रसायने हातमोजे व मुखपट्टीवाचून फवारणाऱ्या शेतकऱ्यांच्या आरोग्याची दीर्घकालीन नोंद ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते.

एमपीटीपीवर आधारलेल्या प्रतिमानाची, म्हणजे प्रयोगासाठी उभ्या केलेल्या आजाराच्या प्रतिकृतीची, मर्यादाही मोठी आहे. एमपीटीपी काही दिवसांत जो विध्वंस करते, तो खऱ्या आजारात कित्येक वर्षे चालतो; शिवाय विषबाधा झालेल्या तीन रुग्णांच्या मेंदूंची जी तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात कंपवाताची खूण मानले जाणारे ल्युई-पिंड, म्हणजे पेशीतील प्रथिनांचे गोळे, मिळाले नाहीत. तंतुकणिकांना बळ देतील या अपेक्षेने कोएन्झाइम क्यू-१० व क्रिएटिन यांच्या मोठ्या रुग्णचाचण्या झाल्या, परंतु लाभ दिसेना म्हणून त्या मुदतीपूर्वीच थांबवाव्या लागल्या.

रुग्णांच्या पदरात प्रत्यक्ष पडलेले दान मात्र वेगळ्याच दिशेने आले. एमपीटीपी दिलेल्या माकडांच्या मेंदूतील ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ हे केंद्र निकामी केल्यास त्यांच्या हालचाली सुधारतात, असे बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी १९९० मध्ये दाखवले. त्या आधारावर फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिड व सहकाऱ्यांनी याच केंद्रात विद्युत्-तार बसवण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. आज मुंबईतही होणारी ही शस्त्रक्रिया पेशींचा ऱ्हास थांबवत नाही, परंतु औषधांचा परिणाम टिकेनासा झालेल्या निवडक रुग्णांचा ताठरपणा आणि कंप ती लक्षणीयरीत्या कमी करते.