लवणासुराचं झाकण

ठाण्याहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, पहाटे जालना, पुढे एसटी. घाटकोपरहून लोणारला स्वस्तात जायचं तर एवढं पुरतं.

विवरात उतरण्याआधी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. चांदणीसारखा तळविन्यास आणि गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू. कथेनुसार असुर जमिनीखाली दडला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं. पाणी म्हणजे असुराचं रक्त, क्षार म्हणजे मांस. (२०२० च्या जूनमध्ये तळं खरंच गुलाबी झालं, पण ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे.)

‘पूर्वजांना उल्कापात माहीत होता’ हा फॉरवर्ड मात्र मला पटत नाही. विवराचं वय एका मोजणीत सुमारे ५०,००० वर्षं, दुसरीत ५,७०,००० निघतं. आघात बघून कोणी कथा रचली नसणार. समोर १.८ किलोमीटरचा गोल खड्डा आणि खारट पाणी. त्यावरून त्यांनी वरून कोणीतरी घाव घातला असा तर्क केला. इथे बेसॉल्ट, म्हणून बरेच अभ्यासक ज्वालामुखीच धरून बसले होते. १९७३ साली प्रचंड आघातातच तयार होणारी काच, मॅस्केलिनाइट, इथल्या दगडांत सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे उल्का नक्की झाली.