समाजशास्त्रज्ञांची जागतिक पंगत : पहिल्या ओळीत कोण बसतं?

परिषद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी, चार भाषणं आणि दुपारचं जेवण. यात खोटं काही नाही. पण एका संघटनेचा इतिहास एवढ्यावर संपत नाही, म्हणून आजची ही जरा लांबलेली पोस्ट.

साल १९४९. युरोप युद्धातून नुकता सावरत होता. नाझींच्या काळात कितीतरी जर्मन समाजशास्त्रज्ञांना देश सोडावा लागला होता. प्राध्यापक एकटा पडला की सत्ता त्याचं काय करते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. युनेस्कोने पुढाकार घेतला आणि ऑस्लोमध्ये इंटरनॅशनल सोशिऑलॉजिकल असोसिएशन, म्हणजे आयएसए, उभी राहिली. पहिले अध्यक्ष लुई वर्थ, जर्मनीत जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेले. पुढच्याच वर्षी झुरिचला पहिली जागतिक परिषद भरली.

मग शीतयुद्ध आलं. सोव्हिएत रशियात समाजशास्त्र म्हणजे भांडवलदारांची विद्या असं मानलं जायचं. तरी १९५६ च्या ॲमस्टरडॅम परिषदेला त्यांचं शिष्टमंडळ आलं आणि १९५८ मध्ये त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. त्या वेळी आयएसएमध्ये देशोदेशींच्या संघटनाच सभासद होत. म्हणजे बाहेरच्या पंगतीत बसायचं, तर आधी घरात चूल मांडणं भाग होतं! पुढे १९६६ मध्ये पोलंडचे यान श्चेपान्स्की अध्यक्ष झाले आणि १९७० ची परिषद बल्गेरियातल्या वार्ना इथे भरली. ज्या काळात दोन्ही गटांची सरकारं एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून होती, त्या काळात ही माणसं एका टेबलावर बसून कुटुंब, कामगार, शहर यांवर वाद घालत होती. ही काय लहान गोष्ट आहे?

आणखी एक नाव सांगतो. ब्राझीलचे फर्नांडो हेन्रिक कार्दोसो. लष्करी राजवटीने त्यांना विद्यापीठातून सक्तीने निवृत्त केलं होतं. १९८२ ते १९८६ ते आयएसएचे अध्यक्ष होते, आणि १९९५ मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आता आपल्याकडे येऊ. इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झाली, ती आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्या पुढाकाराने. आयएसएची जागतिक परिषद आशियात पहिल्यांदा भरली ती १९८६ मध्ये, दिल्लीत. १९९० मध्ये टी. के. उम्मन अध्यक्ष झाले. ते केरळचे, पण समाजशास्त्र शिकले पुणे विद्यापीठात. आफ्रिकेला मात्र २००६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कुठे डर्बनला परिषद झाली.

या तारखाच खूप काही सांगून जातात. झुरिच ते दिल्ली ३६ वर्षं, झुरिच ते डर्बन ५६ वर्षं. नाव ‘आंतरराष्ट्रीय’, पण बराच काळ पहिली ओळ युरोप-अमेरिकेचीच. आमची गावं, आमच्या जाती, आमच्या झोपडपट्ट्या म्हणजे कच्चा माल, आणि सिद्धांत मात्र तिकडून तयार होऊन येणार. या दुखण्यावर संघटनेच्या आतच भरपूर वाद झाले, आणि त्यातून काही बदललंही. १९७० पासून व्यक्तींनाही सभासदत्व खुलं झालं. वर्गणी देशाच्या ऐपतीप्रमाणे ठरू लागली. २०१० पासून निघणारं ‘ग्लोबल डायलॉग’ हे नियतकालिक तर डझनाहून जास्त भाषांत निघालं, त्यात हिंदीही आहे.

तरी संघटनेच्या कामकाजाच्या भाषा आजही तीनच : इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. मराठीतून एम.ए. करणाऱ्या, ऊसतोड कामगारांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या बीडच्या मुलीला या दारातून आत जायचं, तर आधी भाषा बदलावी लागते. तिच्याजवळ सांगण्यासारखं कमी आहे असं नाही, तिचं ऐकायची सोय नाही.

संघटना नकोच, असं माझं म्हणणं नाही. उलट, सत्तेला न आवडणारे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला देशाबाहेरही आपली माणसं असावी लागतात, हे १९४९ मध्ये जेवढं खरं होतं तेवढंच आज आहे. पण पंगत मोठी झाली म्हणजे सगळ्यांना वाढलं गेलं, असं होत नाही.

तुमच्यापैकी कुणी मराठीतून समाजशास्त्र शिकलंय किंवा शिकवतंय? तुमचा अनुभव खाली जरूर लिहा.