किरण आणि दूध

मंडळी, आपल्या भाषेत एक शब्द मोठा कामाचा आहे, आणि म्हणूनच थोडा घोटाळ्याचाही आहे. तो शब्द म्हणजे किरण. सकाळी ओसरीवर येतो तो सूर्यकिरण. हात मोडला म्हणजे इस्पितळात ज्याने फोटो काढतात तो क्ष-किरण. आणि अलीकडे डोळ्याचा पडदा, मूतखडा, चेहऱ्यावरचा डाग यांवर जो उपाय करतात तोही लेसर किरण. तिघांचे नाव एक, तेव्हा घराणेही एकच असेल, असे साध्या माणसाला वाटले तर त्यात नवल ते काय?

पण या नावाच्या सारखेपणाचा त्रास होतो तो अंगावर पाजणाऱ्या आईला. डॉक्टरांनी तिला लेसर करावयास सांगितले की घरात कुजबुज सुरू होते. एक म्हणते, "किरण अंगात शिरले, आता दुधात उतरतील. बाळाला अंगावरून तोडा." दुसरी म्हणते, "मूल सुटं होईपर्यंत डोळ्याचं राहू द्या." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण पहिल्यात बाळाचे हक्काचे दूध जाते, आणि दुसऱ्यात कधी कधी आईची दृष्टी जाते. म्हणून ही भीती आली कोठून आणि तीत खरे किती, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी सव्वाशे वर्षांहून थोडे मागे जाऊ.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबुर्ग गावी राँटगेन या शास्त्रज्ञाला एक नवा किरण सापडला. तो कागदातून, लाकडातून, माणसाच्या मांसातूनही आरपार जाई. हा आहे तरी काय, हे ठाऊक नव्हते. म्हणून अज्ञात राशीचे अक्षर त्याला नाव म्हणून मिळाले. आपण त्याला क्ष-किरण म्हणू लागलो. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना शहरात फ्रॉइंड नावाच्या डॉक्टराने एका लहान मुलीच्या पाठीवरचे दाट केस या किरणांनी घालविले. केस गळाले खरे, पण मागाहून तेथे मोठी जखम झाली. यावरून जगाने शहाणे व्हावयाचे, ते झाले नाही. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत सौंदर्याच्या दुकानांतून स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी क्ष-किरण सर्रास वापरले गेले. वर्षे लोटली, आणि त्यांतल्या कित्येकींना कातडीचा कर्करोग झाला. तेव्हा किरणांचे भय म्हणजे निव्वळ खुळी समजूत, असे कोणी म्हणू नये. त्याची किंमत माणसांनी मोजलेली आहे.

त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये फिन्सेन नावाचा डॉक्टर वेगळ्या वाटेने चालला होता. त्याने घेतला तो साधा प्रकाश. भिंगातून तो एकवटून त्वचेच्या क्षयावर टाकला, आणि विद्रूप झालेले चेहरे बरे केले. १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गोष्टीतला लेसर हा या फिन्सेनच्या प्रकाशाचा नातू आहे, राँटगेनच्या किरणाचा नव्हे. हे नाते ध्यानात ठेवले की अर्धा घोटाळा मिटतो.

लेसरमागचा विचार आइन्स्टाइनने १९१७ सालीच मांडला होता. पण पहिला लेसर प्रत्यक्ष चालविला तो १६ मे १९६० रोजी, अमेरिकेत मेमन या शास्त्रज्ञाने. त्यासाठी त्याने माणकाची कांडी वापरली. दिव्याचा उजेड म्हणजे जत्रेतली गर्दी. जो तो आपल्या दिशेने चाललेला. लेसर म्हणजे दिंडी. सगळ्यांचा रंग एक, पाऊल एक, वाट एक. डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात लेसरने डोळ्यातली गाठ जाळण्यात आली. १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार झाला. तो करणारे कुमार पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, हे मुलांना जरूर सांगावे. त्यांच्या लेसरचा किरण पाण्यात चटकन शोषला जातो. आपल्या शरीरात पाणीच फार. म्हणून तो कातडीच्या अगदी पातळ थरातच संपतो, आत जात नाही.

पुढे १९८३ साली बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश या दोघा डॉक्टरांनी एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. उन्हात काळे कापड पांढऱ्यापेक्षा लवकर तापते, हे आपण जाणतोच. तसाच योग्य रंगाचा किरण अगदी क्षणभर टाकला, तर केसाच्या मुळातला काळा रंग किंवा डागातले रक्त तेवढे तापते, आणि शेजारची कातडी बचावते. म्हणजे घडते काय? प्रकाश पडतो, त्याची उष्णता होते, आणि ती तेथल्या तेथे विरून जाते.

आता दुधाकडे येऊ. दूध तयार होते ते आईच्या रक्तातून मिळणाऱ्या द्रव्यांवर. रक्तात जे विरघळले आहे, त्याचाच अंश दुधात येऊ शकतो. प्रकाश रक्तात विरघळत नाही. ज्वारी उन्हात वाळविली म्हणून पिठात ऊन दळले जात नाही. पण पिकावर विषारी फवारा मारला असेल, तर त्याचा अंश दाण्यात सापडू शकतो. ऊन आणि फवारा यांतला हा भेद, हेच या सगळ्या प्रश्नाचे मर्म होय. छातीचा किंवा हाडाचा साधा क्ष-किरण फोटो काढल्यावरसुद्धा दूध फेकून द्यावे लागत नाही. किरण आला आणि गेला. मागे काही उरले नाही.

मग दुधात उतरते ते काय? किरण नव्हे, तर किरण फेकणारा पदार्थ. २६ एप्रिल १९८६ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत देशात चेर्नोबिल येथील अणुवीजकेंद्रात स्फोट झाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, ते गवत गाईंनी खाल्ले, आणि दुधावाटे ते मुलांच्या पोटात गेले. पुढे त्या भागातल्या अनेक मुलांना गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झाला. याच कारणाने, थायरॉईडच्या रोगासाठी आईला किरणोत्सारी आयोडीन द्यावयाचे असेल, तर स्तनपान काही आठवडे आधीच पूर्ण थांबवावे लागते. येथे घरच्या म्हातारीची भीती अगदी बरोबर ठरते. मात्र ती लेसरवर लादणे बरोबर नाही.

तर लेसर मुळीच विचार न करता घ्यावा काय? तसेही नाही. लेसरचा किरण दुधात जात नसला, तरी त्याच्या सोबत येणारी मंडळी पाहावी लागते. डाग घालविण्याची काही मलमे कातडीतून बऱ्याच प्रमाणात रक्तात जातात. बधिर करण्याचे औषध थोड्या जागी, योग्य मात्रेत दिले, तर दुधात उतरणारा अंश फारच अल्प असतो. पण तेच मलम अंगभर फासून वर प्लास्टिक गुंडाळणे आईच्याच जिवावर बेतते. लेसरने केस काढण्यापूर्वी असे केल्याने अमेरिकेत दोन तरुण स्त्रिया दगावल्या, आणि २००७ साली तेथील सरकारी औषध खात्याला जाहीर इशारा द्यावा लागला. डोळा तपासताना कधी शिरेतून पिवळा रंग टोचतात. तो दुधात येतो. बाळ नवजात असेल, त्यातही काविळीसाठी प्रकाशाखाली ठेवलेले असेल, तर डॉक्टरांना हे सांगितलेच पाहिजे. गोंदण पुसताना त्यातला रंग फुटून शरीरात वाहून नेला जातो. ते काम मूल सुटे झाल्यावर करणे शहाणपणाचे. बाळंतपणानंतर चेहऱ्यावर राहिलेले वांग पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लेसरने उलट काळे डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून तेथेही घाई नको.

डोळ्याची गोष्ट मात्र निराळी. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारा विकार गरोदरपणात वाढू शकतो. वेळीच केलेल्या लेसरने या विकारात दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने दाखवून दिले. गेलेली दृष्टी मूल सुटे झाल्यावर परत येत नाही. येथे वाट पाहणे म्हणजे आईचे डोळे पणाला लावणे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात भिंगाने उन्हात कागद जाळून दाखविता, तेव्हा मुलांना विचारा: जळालेल्या कागदात ऊन उरले का? उत्तर मुलेच देतील, आणि ते घरीही नेतील.

आणि मायबहिणींनो, लेसर करावयाचे ठरले तर डॉक्टरांना आरंभीच सांगा, "मी बाळाला पाजते." मग तीन प्रश्न विचारा. याबरोबर कोणते मलम, गोळी वा सुई देणार? लेसर कोठे मारणार? हे आताच करणे जरुरीचे आहे, की थांबले तरी चालेल? छातीवर मलम लावले असेल, तर बाळाचे तोंड त्याला लागणार नाही अशी काळजी घ्या. लेसर चालू असताना डोळ्यांवर झापड बांधलेली असू द्या, आणि बाळाला त्या खोलीत नेऊ नका. एवढे सांभाळले, तर घरी येऊन बाळाला जवळ घ्यावयास हरकत कसली?