असंनिधान आणि आठव : महानुभाव गद्याच्या उगमाविषयी

जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले जयदेववाडी हे गाव ‘जाळीचा देव’ या नावानेच अधिक ओळखले जाते. वाघाचा वावर असलेल्या रानातील एका जाळीपाशी श्रीचक्रधरस्वामी थांबले होते, ही आठवण परंपरेने या स्थानाशी जोडली आहे. वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा यांच्या सांध्यावरील या ठिकाणी महानुभाव यात्रेकरू येतात. ज्यांच्या घरातील कोणाचे चित्त थाऱ्यावर नाही, कोणाला ‘बाहेरची बाधा’ झाली आहे असे समजले जाते, अशी कुटुंबेही येतात आणि त्यांतील अनेकांचा पंथाशी एरवी काही संबंध नसतो. या दृश्याला अंधश्रद्धेचा नमुना ठरविणे सोपे आहे. त्यात लोकसंस्कृतीचे रम्य अवशेष पाहणे त्याहूनही सोपे आहे. परंतु अवघड प्रश्न निराळाच आहे. परमेश्वराखेरीज सर्व देवतांची उपासना वर्ज्य मानणाऱ्या, अंगात येण्याला तत्त्वतः कोणतेही महत्त्व न देणाऱ्या पंथाचे स्थान पीडितांच्या उपचाराशी जोडले जावे, हे कसे घडले? त्याचे उत्तर या पंथाच्या वाङ्मयाच्या जन्मकथेत शोधावे लागते.

आघात ही संकल्पना गेल्या काही दशकांत वैद्यकातून साहित्यविचारात आली. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणविकृतीला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सुरक्षितता, स्मरण व शोक आणि पुन्हा माणसांशी जोडले जाणे अशा टप्प्यांनी बरे होण्याची प्रक्रिया मांडली, तर कॅथी करूथ यांनी १९९६ मध्ये आघात हा कथनाला चुकवून जाणारा अनुभव आहे, असा सिद्धान्त पुढे आणला. शरीर आघाताची नोंद ठेवते, हे बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे २०१४ मधील प्रतिपादन आता सर्वपरिचित आहे. या सर्व विवेचनात एक गृहीतक दडलेले असते : तुटलेली कथा पुन्हा सलग झाली की माणूस बरा होतो. मराठीतील सर्वांत जुन्या चरित्रगद्याची साक्ष काढली, तर हे गृहीतक जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

इ. स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधरांनी उत्तरापंथे गमन केले. त्यापूर्वी त्यांना यादव राज्यातील अधिकारी आणि प्रतिष्ठित वर्गाकडून छळ सोसावा लागला. या छळाच्या तपशिलाविषयी पाठांत एकवाक्यता नाही आणि पंथातही तीव्र मतभेद आहेत. जखम जेथे सर्वांत खोल, तेथेच पाठ दुभंगावा, ही बाब केवळ हस्तलिखितशास्त्राच्या हवाली करून मोकळे होता येत नाही. मागे राहिलेल्या शिष्यपरिवारात महदाइसेसारख्या विधवा होत्या, घरदार सोडून आलेले ब्राह्मण होते. पंथीय परिभाषेत या अवस्थेला ‘असंनिधान’ हा अचूक शब्द आहे. नुसत्या विरहापेक्षा त्याचा अर्थ कठोर आहे, कारण विरहात परतीची आशा गृहीत असते आणि असंनिधानात मात्र देव समोर नसताना कसे वागायचे, एवढाच प्रश्न उरतो.

या शिष्यांना सावरले ते रिद्धपुरात. तेथे गोविंदप्रभू होते आणि गावकरी त्यांना वेडा म्हणत, त्याच तोंडाने आई-बापही म्हणत. गोविंदप्रभूंचे जे चरित्र म्हाइंभटाने संकलित केले, त्यात उपदेश जवळजवळ नाही. तेथे आहे ते हसणे, रुसणे, मिळेल ते खाणे, वाटेल तेथे जाणे, वस्तूंशी आणि जनावरांशी खेळणे. शोकाने खचलेल्या शिष्यांच्या वाट्याला तत्त्वज्ञान न येता एक देह आला : त्याला न्हाऊ घालायचे, जेवू घालायचे, त्याच्यामागे हिंडायचे, त्याची मर्जी राखायची. मनाला झालेल्या जखमेवर दैनंदिन शारीरिक शुश्रूषेचा हा उपाय कोणी योजून केला असे म्हणता येणार नाही. पण पुढे जे वाङ्मय घडले त्याची दृष्टी येथे तयार झाली, असे मानण्यास भरपूर जागा आहे. लीळाचरित्राला देव कसा बसला, काय जेवला, कोणत्या दाराने आत आला, याची जी अपार ओढ आहे, ती सेवा करणाऱ्याच्या नजरेची ओढ आहे.

लीळाचरित्राच्या निर्मितीची परंपरागत हकीकत सर्वांना ठाऊक आहे. नागदेवाचार्य म्हणजे भटोबास स्वामींच्या लीळांचे एकांतात मनन करीत. म्हाइंभटाने कशाचे मनन चालले आहे असे विचारले, आणि उत्तर ऐकून त्या लीळा लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली. नंतर तो गावोगाव हिंडून ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना विचारीत गेला. ही हकीकत बहुधा संशोधननिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिचा आरंभ एका शोकाकुल माणसाच्या एकाकी आठवणीत आहे, हे सांगायचे राहून जाते. म्हाइंभटाच्या प्रश्नाने त्या आठवणीचा एकांत मोडला. जे एकट्याने सोसले जात होते ते अनेकांकडून ऐकणे, पडताळणे आणि नोंदणे असे सामुदायिक काम झाले. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हा पंथाचा नित्याचार ठरला. शोक संपविण्याचा प्रयत्न येथे दिसत नाही. त्याला वेळ, विषय आणि सोबत नेमून दिलेली दिसते. भटोबासांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला तो आपल्या म्हाताऱ्या बायांना मुकावे लागू नये म्हणून, ही स्मृतिस्थळातील गोष्ट भाषाभिमानाच्या लेखांतून इतकी वापरली गेली आहे की तिचा मूळ संदर्भ झिजून गेला. आठवणीत भाग घेणाऱ्यांपैकी कोणालाही बाहेर ठेवायचे नाही, असा तिचा रोख आहे.

त्यानंतर दुसरा आघात झाला. इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य पूर्णपणे लयाला गेले. याच धामधुमीत, ‘खालशाच्या धाडीत’, लीळाचरित्राची मूळ पोथी गेली असे परंपरा सांगते. ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, आणि साहजिकच ती एक न राहता अनेक झाली. या अनेकपणाचे पुढे काय केले गेले, हे महत्त्वाचे आहे. पोथ्यांत अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, असे पाठभेद शेजारी शेजारी नोंदले गेले, ‘शोधु’ म्हणून निराळे दाखविले गेले. एकच अधिकृत कथा ठरविण्याची घाई केली गेली नाही. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या वाचकाला या पाठगर्दीने थकवा येतो हे खरे. पण तो थकवा टाळण्यासाठी गुळगुळीत केलेल्या आवृत्त्या मूळ अनुभवापासून दूर नेतात.

चौदाव्या शतकातील स्थानपोथी तर अधिकच कोरडी आहे. देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, स्वामींचे आसन कोठे, याची ती यादी आहे. वाङ्मयगुणांच्या दृष्टीने तिला कोणी विचारीत नाही. परंतु स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चतुष्टयात स्थानाला पहिला मान आहे, कारण देवाचा देह जेथे टेकला ती जमीन अजून आहे. नमस्कार करणारे शरीर त्या जागेला भिडते आणि असंनिधानात तेवढेच संनिधान उरते. जाळीच्या देवाकडे पीडितांना आणण्यामागील तर्क येथे सापडतो. परमेश्वराचा संबंध लाभलेल्या स्थानापुढे इतर शक्तींचे चालत नाही, ही श्रद्धा पंथीय स्थानमाहात्म्यातून निघाली आणि पंथाबाहेरच्या लोकांनी ती आपल्या दुःखाच्या भाषेत उतरवून घेतली.

या उतरवून घेण्यात बरेच काही गळलेही. म्हाताऱ्या बायांसाठी मराठीत राखलेले वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी लिपीची उकल करीपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते जवळजवळ बंद राहिले. यामागे आक्रमणाची भीती होती की पावित्र्याची जपणूक, यावर वाद आहे. परिणाम मात्र एकच झाला. स्थान सर्वांना खुले राहिले, कथा मोजक्यांकडे राहिली. पीडित माणूस ओट्यापुढे लोळण घेऊ शकतो, पण त्याला काय आठवते हे विचारणारा म्हाइंभट तेथे असेलच असे नाही.

व्हिएडा स्कल्टन्स या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. घरातील एकाला, विशेषतः पुरुषाला, मानसिक व्याधी झाली असता सोबत आलेल्या आई, बायको वा बहिणीच्या अंगात येऊ लागते. ती व्याधी आपल्यावर ओढून घेते आणि तो बरा व्हावा म्हणून स्वतः सोसते, असे त्यांना आढळले. येथे आघात एका देहातून दुसऱ्या देहात जातो आणि त्या वाटेवर शब्द लागत नाहीत. रिद्धपुरातील शुश्रूषेशी याचे नाते उघड आहे, तसाच भेदही उघड आहे. महदाइसेला प्रश्न विचारण्याचा हक्क होता. ती इतकी विचारी की तिची चिकित्सक वृत्ती लीळांतच नोंदली गेली. घुमणाऱ्या स्त्रीच्या तोंडून जे निघते ते तिचे बोलणे मानलेच जात नाही. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा तिला मारहाणीपासून आणि फसवणुकीपासून संरक्षण देऊ पाहतो, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तिला उपचाराचा हक्क देतो. दोन्ही आवश्यक आहेत. पण घुमताना ती ज्या नावांनी ओरडते, ज्या गावाचा, ज्या विहिरीचा, ज्या सासरचा उल्लेख करते, तो मजकूर पोथीतल्या वासनेइतक्या गांभीर्याने अजून कोणी टिपून घेत नाही.