अणू, परमाणू आणि सुरत

धुळ्या-नंदुरबारकडच्या मराठी शाळेतून मध्येच सुरतेच्या गुजराती शाळेत आलेल्या मुलाची विज्ञानाच्या तासाला मोठी पंचाईत होते. तिकडे ते ‘अणू’ आणि ‘रेणू’ शिकलेले असते. इथे फळ्यावर ‘परमाणु’ आणि ‘अणु’ लिहिलेले दिसतात. म्हणजे त्याचा अणू इथे परमाणू झाला, आणि त्याच्या रेणूला सगळे अणू म्हणू लागले! ‘पाण्याच्या अणूत तीन परमाणू असतात’ हे गुजरातीत अगदी बरोबर वाक्य. मराठी पेपरात लिहिले तर गुण जातील. वस्तुमानाचे ‘दळ’ होते, त्वरणाचा ‘प्रवेग’. मूल हुशार असले तरी काही महिने चाचपडते आणि घरच्यांना वाटते, पोरगं विज्ञानात कच्चं आहे.

मुलाला समजेल असे विज्ञानाचे साहित्य कुठून आणायचे, हा प्रश्न सुरतेत पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. आणि तो सोडवायला मराठी व गुजराती माणसे एकत्र बसली होती, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

1826 साली मुंबई सरकारने गुजरातेत गुजराती शाळा उघडल्या. सुरतेच्या शाळेत मुंबईहून शिकून आलेले तरुण दुर्गाराम मंछाराम शिकवू लागले. हेच पुढचे प्रसिद्ध दुर्गाराम मेहताजी. शाळा होत्या, पण पुस्तके? मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत गणिताची पुस्तके तयार होत होती. मराठीत विज्ञानाची सुरुवातही लवकर झाली. हरि केशवजी पाठारे यांचे ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ 1837 साली निघाले. मूळ पुस्तक जेन मार्सेट या इंग्रज बाईंचे: शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पांतून रसायनशास्त्र. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे हेच पुस्तक वाचून रसायनाकडे वळला. ज्या पुस्तकाने फॅरडे घडवला, ते तीसेक वर्षांत मराठीत आले होते! निवडणाऱ्याची पारख मानली पाहिजे. शंका विचारणारी मुलगी पुस्तकातच असली की वर्गातल्या मुलाला विचारायची लाज वाटत नाही.

दुर्गारामांना मात्र मुंबईवर अवलंबून राहायचे नव्हते. 1842 मध्ये त्यांनी मित्रांसह ‘पुस्तक प्रसारक मंडळी’ काढली आणि सुरतेत शिळाछापखाना आणला. याच सुमारास इथल्या इंग्रजी शाळेत एक मराठी शिक्षक होते: दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे कर्ते. 1844 मध्ये दोघांनी इतर सहकाऱ्यांसह मानवधर्मसभा स्थापन केली. तिची नोंद समाजसुधारणेच्या इतिहासात होते, आणि ते योग्यच आहे. पण मला ती विज्ञानाची शाळाही वाटते. मंत्राने भूत उतरवतो, चमत्कार करतो म्हणणाऱ्यांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले, की सगळ्यांसमोर करून दाखवा. दावा ऐकायचा, मग पडताळून पाहायचा. प्रयोगवहीत आपण दुसरे काय लिहितो? याला ना उपकरण लागत, ना खर्च येत. 1849 मध्ये दुर्गारामांनी गुजरातीत विज्ञानाचे पुस्तकही लिहिले. तोवर दादोबा 1846 मध्ये मुंबईला गेले होते. 1852 मध्ये दुर्गारामांची राजकोटला बदली झाली आणि सभा थंडावली.

त्यानंतर या कामाला खरा वाली मिळाला तो सुरतचाच. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म इथे 1863 साली, सुतारकाम करणाऱ्या समाजात झाला. रसायनशास्त्र शिकून ते बडोद्याला प्राध्यापक झाले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 मध्ये तिथे कलाभवन सुरू झाले, त्याची आखणी गज्जरांची. कारागिराच्या मुलाने रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या हाताने शिकावी, हा त्यांचा आग्रह. (आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.) शिकवायला बसल्यावर दुर्गारामांचीच अडचण पुन्हा समोर आली, पुस्तके नाहीत. मग ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला आखली गेली, आणि शास्त्रीय शब्दांचा बहुभाषी कोश करायचे कामही गज्जरांनी हाती घेतले.

हा कोश मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बडोदे राज्यात दरबार मराठी, रयत बहुतेक गुजराती. एका वस्तूला दोन भाषांत दोन शास्त्रीय नावे पडली तर काय होईल, हे तिथे बसलेल्या माणसाला रोज दिसत असणार. ध्वनी, प्रकाश, वेग, गुरुत्वाकर्षण हे शब्द दोन्हीकडे एकच आहेत, म्हणजे शब्द जुळवणे अशक्य नव्हते. पण 1896 मध्ये गज्जरांनी बडोदे सोडले आणि ते मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला चापेकरांनी फासलेले डांबर पुसून देणारे रसायनतज्ज्ञ म्हणून त्यांचा बोलबाला झाला. 1907 मध्ये कोटिभास्कर आणि अमीन या शिष्यांसह त्यांनी अलेम्बिक कारखाना उभारला. कोशाचे काम मागे पडले. मराठीने आपले शब्द ठरवले, गुजरातीने आपले, आणि तापीकाठच्या वर्गात अणूचा परमाणू झाला तो झालाच.