मी वनवासी : वाचकांचा प्रतिसाद

‘मी वनवासी’ हे सिंधुताई सपकाळ (१४ नोव्हेंबर १९४८ – ४ जानेवारी २०२२) यांचे आत्मकथन. वर्धा जिल्ह्यातील पिंपरी मेघे येथील बालपण, सेलू तालुक्यातील नवरगावचा संसार आणि त्या संसारातून हाकलले जाणे हा त्यातील खेड्याचा भाग. नकोशी म्हणून नाव ‘चिंधी’. गुरे राखणारे वडील अभिमानजी साठे यांना मुलीने शिकावे असे वाटे, आईचा विरोध होता. म्हणून गुरे चारायला म्हणून निघायचे आणि शाळेत बसायचे, असे करत चिंधी चौथीपर्यंत शिकली. पाटी घेण्याची ऐपत नसल्याने भराडीच्या पानांवर अक्षरे गिरवली. पुढे अजाण वयात, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या श्रीहरी सपकाळांशी लग्न झाले.

या कथनाला वाचकांच्या आधी श्रोते मिळाले, आणि प्रतिसादाचे सारे वळण त्यामुळे ठरले. सिंधुताई गावोगाव व्याख्याने देत, बहिणाबाईंच्या ओव्या आणि सुरेश भटांच्या ओळी पेरत आपली कहाणी सांगत आणि शेवटी अनाथ मुलांसाठी पदर पसरत. पदरात नोटा टाकणे हाच अनेकांचा अभिप्राय. पुस्तक हाती घेणाऱ्याला पुढे काय होणार हे बहुधा ठाऊक असते. तो सिंधुताईंचा आवाज पुन्हा ऐकायला वाचतो. असा वाचक तपशिलाची उलटतपासणी करत नाही, रचनेविषयी तर विचारतच नाही.

सर्वाधिक बोलला जाणारा प्रसंग गोठ्यातील बाळंतपणाचा : दिवस भरलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढले, गोठ्यात मुलगी झाली आणि नाळ दगडाने ठेचून तोडली. ठेचताना घातलेले सोळा घाव श्रोत्यांना मोजून पाठ असत. त्याखालोखाल चर्चा क्षमेची. म्हातारपणी परतलेल्या नवऱ्याला त्यांनी नवरा म्हणून नव्हे, लेकरू म्हणून आसरा दिला. याचे कौतुक करणारे पुष्कळ. हे औदार्य बायकांकडूनच का अपेक्षिले जाते, असे विचारणारे थोडे.

प्रस्तुत नोंदकाराच्या मते वाचकांनी हातचा सोडलेला भाग शेणाचा आहे. नवरगावच्या बाया जंगलात चरणाऱ्या गुरांचे शेण गोळा करत. त्याचा पैसा मात्र दुसऱ्यांच्या खिशात जाई. सिंधुताईंनी बायांच्या मजुरीचा प्रश्न लावून धरला, जिल्हाधिकारी गावात आले आणि बायांच्या बाजूने निर्णय झाला. दुखावलेल्या गावपुढाऱ्याने त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला आणि त्यातूनच घर सुटले. म्हणजे हकालपट्टीच्या मुळाशी मजुरीचा झगडा होता. ‘अनाथांची माय’ ही प्रतिमा एवढी मोठी झाली की तिच्या सावलीत ही भांडखोर तरुणी दिसेनाशी झाली.

समीक्षेचा वाटा तुलनेने तोकडा. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) किंवा ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) यांवर जात आणि स्त्रीत्व यांच्या अंगाने जशी मांडणी झाली, इंग्रजी अनुवाद झाले, विद्यापीठांतून चर्चा झाली, तशी या पुस्तकाच्या वाट्याला फारशी आली नाही. ती दोन्ही पुस्तके समाजाला जाब विचारतात. ‘मी वनवासी’चा वाचक मदतीला धावतो, आणि मदत करून झाली की प्रश्न मिटल्यासारखे त्याला वाटते.

अनंत महादेवन दिग्दर्शित ‘मी सिंधुताई सपकाळ’ (२०१०) या चित्रपटाने प्रतिसादाचा परीघ वाढवला. तेजस्विनी पंडित आणि ज्योती चांदेकर या सख्ख्या मायलेकींनी एकाच बाईची दोन वये साकारली. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार, तसेच रूपांतरित पटकथा, संवाद आणि पार्श्वगायन (सुरेश वाडकर) यांचे पुरस्कार मिळाले. अमेरिकेच्या प्रवासात आठवणी उलगडत जातात अशी त्याची बांधणी; परदेशस्थ मराठी माणसांपर्यंत कहाणी पोचण्यास तिची मदतच झाली असावी.

सिंधुताईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या निधनानंतर १५ ऑगस्ट २०२३ पासून कलर्स मराठीवर ‘सिंधुताई माझी माई’ ही मालिका सुरू झाली. तिने चिंधीचे बालपण आणि बापलेकीचे नाते मध्यभागी आणले. अभिमान साठेंची भूमिका किरण माने यांनी केली. गोठ्याच्या प्रसंगापाशीच घुटमळणाऱ्या वाचकांना शिकण्यासाठी धडपडणारी मुलगी आणि तिच्या पाठीशी उभा राहिलेला गुराखी बाप त्यामुळे सविस्तर भेटला.